कुटाराच्या पेटीतलं वरण

राजूरच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. कितीही जाळ घाला. फेस येतो, डाळ गंजात, म्हणजे पातेल्यात, गरगर फिरते, घरभर वास सुटतो, आणि दाणा बोटात दाबून पाहावा तर टणकच्या टणक. खाली जमिनीत चुन्याचा दगड आहे, तोच पाण्यात उतरतो, असं आमचे गुरुजी सांगत. घरात आम्ही एवढंच म्हणायचो, पाणी जड आहे. म्हणून गावातल्या बाया डाळीचं पाणी वेगळं आणायच्या. पिण्याचं विहिरीचं, डाळीचं नाल्याचं. आमच्या घरी डाळीच्या पाण्याची गुंडीसुद्धा वेगळी होती, आणि तिच्यातलं पाणी कोणी चुकून पिलं तर माय अशी खवळायची की जसं दूधच सांडलं.

हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या शिकण्याचं जे मातेरं झालं ते या डाळीपायी झालं. हसायचं असेल तर हसून घ्या. मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

माझा बाप कोळशाच्या खाणीत होता, माय चुन्याच्या भट्टीवर. मी त्यांची एकुलती. माझ्या पाठची दोन जगली नाहीत. बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. आल्या आल्या त्यानं कोनाड्यातले देव टोपलीत भरून नाल्यात सोडले. मग परसात गेला, काळी हंडी उचलली आणि दगडावर आपटली. त्या हंडीत काय शिजायचं हे सांगायची मला लाज नाही. लाज वाटायचीच तर ज्यांनी आम्हाला ते खायला लावलं त्यांना वाटावी. गावात ढोर मेलं की ते ओढायचं काम आमच्या लोकांचं, आणि मांसही आमच्याच वाट्याचं. गोवरीच्या मंद धगीवर ती हंडी रात्रभर ठेवायची, तेव्हा कुठे सकाळी ते दातांनी तुटायचं. हळू शिजवणं आमच्या घराला नवं नव्हतं, एवढंच सांगायचं आहे.

खापऱ्या पायानं बाजूला सारत बाप म्हणाला, "आजपासून हे बंद. आता आपून मानसावानी जेवू. रोज सांजीले ताटात वरन पाह्यजे."

वरण! वाचणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं. पण आमच्या बापाला त्या वाटीभर पिवळ्या वरणात सगळा मान दिसायचा. खाणीतून वर आला की काळाठिक्कर, नुसते डोळे आणि दात पांढरे. आंघोळ करायचा, धुतलेला सदरा घालायचा, मांडी घालून बसायचा, आणि भाकर वरणात कुस्करायच्या आधी एकदा ताटाकडे नीट पाहून घ्यायचा. दारूही त्यानं त्याच दिवशी सोडली होती. देव गेले, हंडी गेली, दारू गेली. चूल मात्र होती तिथंच राहिली, बाईच्या माथी.

माय दिवस बुडाल्यावर भट्टीवरून यायची, हातांना भेगा, कमरेचा पार काटा ढिला. म्हणून सांजचं वरण माझ्याकडे आलं. शाळा सुटली की नाल्यावर जा, गुंडी भरून आण, चूल पेटव, डाळ टाक आणि तिच्यापुढे बसून राहा. उठलीस की उतू गेलं, विसरलीस की खाली लागलं. बापाला खालचं लागलेलं वरण चालायचं नाही, आणि कच्चं तर त्याच्या पोटाला अजिबात सोसायचं नाही. लगेच कळ उठायची. चौथीचं सगळं पाठांतर मी त्या चुलीपुढे केलं.

माझी नात विचारते, "आजी, तुझे बाबा का नाही करायचे वरण?" घ्या! हा सवाल तेव्हा आमच्या घरात कोणाच्या डोक्यातही आला नाही. बापाच्या नाही, मायच्या नाही, माझ्याही नाही. आता येतो, आणि आला की अंगाची लाही लाही होते. पण ज्याच्यावर चिडायचं तो माणूस केव्हाच मातीत गेला, आणि माणूस वाईट नव्हता हो.

चौथीत मी पहिली आले. गावची शाळा तिथंच संपत होती. गुरुजी घरी आले, बाजेवर बसले, चहा नको म्हणाले, मग प्यायले. म्हणाले, "मुलीला वणीला पाठवा, पाचवीत. डोकं चांगलं आहे तिचं, वाया घालवू नका."

"पाठवतो ना गुरुजी! काहून नाई पाठवनार? माही पोरगी मास्तरीन होईन पाहा." बापाचा चेहरा असा फुलला होता की बाप वारल्यावरही कितीतरी वर्षं मी तोच चेहरा आठवत राहायची.

गुरुजी अंगणाबाहेर गेले तशी माय म्हणाली, "होईन ना मास्तरीन. सकाळी चुन्याच्या टरकावर बसून जाईन, यायले पायी येईन. घरी येता येता दिवे लागतीन. मंग तुमी खानीतून आल्यावर खासान काय? माती?"

मी भिंतीला पाठ लावून उभी होते, आणि मला कळलं की माझं पुढचं सगळं आता या एका गोष्टीवर आलं आहे: माझ्याशिवाय सांजचं वरण होतं की नाही.

आणि पाहा नशीब, त्याच उन्हाळ्यात ब्लॉकची बाई गावात आली. ग्रामसेविका म्हणायचं तिला, पण आमच्याकडे ब्लॉकची बाईच. सायकलवर यायची, पांढरं पातळ, हातात घड्याळ. तिनं चावडीपुढच्या लिंबाखाली बायांना बसवलं आणि एक लाकडी पेटी उघडून दाखवली. आत कुटार ठासून भरलेलं, मधे गंज बसेल एवढा खळगा. कुटार म्हणजे खळ्यावर तूर-गहू झोडपल्यावर उरतो तो भुसा. आमच्याकडे तो ढोरांना घालतात. बाईनं चुलीवर डाळीला चांगली उकळी आणली, झाकण लावलं, गंज उचलून त्या खळग्यात ठेवला, वर कुटाराची उशी दाबली आणि पेटी बंद केली. म्हणाली, "आता घरी जा. दुपारी या."

बायांना काय, तमाशाच भेटला. "जाळाविना शिजते काय वं?" "कोंबडी बसवा वरून, पिल्लं बी निघतीन!" एकजण पेटीला कान लावून म्हणाली, "अवो, आत डाळ रडून राह्यली."

दुपारी बाईनं उशी काढली. भक्कन वाफ आली. मी पुढे होऊन चिमूटभर डाळ उचलली आणि ती बोटात विरघळली. मघा हसणाऱ्या बायाही बोटं पुढे करायला लागल्या. एक गोष्ट मात्र तेव्हा कोणी बोललं नाही. डाळीला पाणी पाहिजे म्हटल्यावर आमच्या बायांनी सवयीनं नाल्याचं आणून दिलं होतं. बाईला कोणी सांगितलं नाही आणि बाईनं विचारलं नाही.

घरी येऊन मी सांगितलं तर बाप म्हणाला, "कुटाराची पेटी कायले? ढोर हाओत काय आपून? वनीले खरा कुकर भेटते." आणि बाजाराच्या दिवशी मला घेऊन गेला. भांड्यांच्या दुकानात तो कुकर वरच्या फळीवर होता. पितळेचा, उंच, लखलखीत. खाली निखाऱ्यांची शेगडी, वर एकावर एक डबे, त्यावर नळकांड्यासारखं झाकण. दुकानदार म्हणाला, "निखारे टाका अन् विसरून जा. डाळ, भात, भाजी एकदम. घरधनीन गावाला जाऊन आली तरी जेवण तयार."

बापानं एकेक डबा काढून वाजवून पाहिला, उलटा करून बूड पाहिलं, बैल घेताना दात पाहावे तसा. मग विचारलं, "भाकर कोनत्या डब्यात होते?"

दुकानदार हसायला लागला. "याच्यात भाकर नाही होत पाटील, भात होते."

"रोज भात कोन खाते?"

"ज्याच्या घरी कुकर असते तो खाते."

बापानं डबे होते तसे एकावर एक रचून ठेवले. आम्हाला पाटील म्हणून कोणी चेष्टा केली की तो उखडायचा, पण त्या दिवशी उखडला नाही. अर्धा रस्ता झाला. मग एकदम म्हणाला, "तुही माय सकाळी भाकरी टाकून ठेवीन. सांजीले मी थंडीच भाकर खात जाईन. वरन गरम असलं म्हनजे झालं." तव्यावरची भाकर ताटात पडली नाही तर ताट सरकवणारा माणूस हा! मी त्याच्याकडे पाहिलं तर तो रस्त्याकडे पाहत होता.

तर मग पेटीच ठरली. बापानं खाणीतून सुरुंगाच्या दारूची रिकामी पेटी आणली, चांगली जाड फळ्यांची. कुटार एका कास्तकाराच्या खळ्यावरून आलं. मायनं जुन्या लुगड्याची उशी शिवली. गंज कोणता घ्यायचा यावर दोघांचं भांडण झालं. बाप म्हणे जर्मलचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा घे, हलका आहे, पोरीला उचलता येईल. माय म्हणे, जर्मल जसं तापते तसं थंड होते, त्याच्यात ऊब कशानं राहीन? तिनं माहेरचा जाड बुडाचा पितळी गंज काढला, कल्हई करून आणला आणि झाकणाभोवती गुंडाळायला ओलं फडकं ठरवून ठेवलं. भट्टीवरची बाई ती, धग कशात टिकते हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. झोपताना डाळ भिजवायची, पहाटे चुलीवर उकळ्या आणायच्या, हळद-हिंग टाकून गंज पेटीत पुरायचा, उशी दाबायची, वरून पाटा ठेवायचा. मग माय भट्टीवर, बाप खाणीत, मी चुन्याच्या ट्रकवर.

पहिल्या दिवशी मी वणीहून पायी आले तेव्हा दिवे लागले होते. जीव नुसता थाऱ्यावर नव्हता. माय दारातच उभी होती. म्हणाली, "पाय धू, जेवन तयार हाये." बस, एवढंच. पण हे वाक्य आमच्या घरात मी पहिल्यांदाच ऐकत होते, कारण तोवर जेवण तयार करणारी मीच होते. बापानं सदरा घातला, बसला, ताटाकडे पाहिलं. वरणातून वाफ निघत होती. "पाह्यलं काय?" तो म्हणाला, "पोरगी शाळेतून आली अन् वरन गरम." मग थंड भाकर कुस्करून असा जेवला की जसं काही लग्नात बसला आहे.

ते सात-आठ महिने मी सुखात होते. दुसरा शब्द नाही. वर्गात मुली चारच, आणि राजूरची मी एकटी. केसांत चुना असायचा म्हणून मला 'म्हातारी' म्हणायच्या, म्हणू दे. आमच्या भूगोलाच्या बाई भिंतीवर नकाशा टांगायच्या आणि मला पुढे बोलावायच्या, कारण मला नद्या पाठ होत्या. मीही तशी बाई होणार होते. हातात छडी, पाठीमागे नकाशा.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, नाला थंडी सरता सरताच आटायला लागला.

आधी डबकी उरली, मग ढोरांनी तीही तुडवली. नदी लांब, तिथून रोज गुंडी आणायला कोणाला वेळ होता? विहिरीच्या पाण्यावर आलो. चुलीवर हे पाणी असलं तर निदान जाळ तरी लावून ठेवता यायचा, दोन-दोन तास, तेव्हा कुठे डाळ जराशी नरमायची. पेटीत जाळ कुठला? सांजेला उशी काढली की वरण कोमट, पाणी वेगळं, डाळ वेगळी, आणि डाळ दाताखाली कचकच. सोडा टाकून पाहिला तर बापाच्या पोटात आग पडली. मुगाची डाळ शिजली असती, पण घरात होती ती तूर, कापूस वेचायला गेलो तेव्हा मजुरीत मिळालेली. बाप तसंच खायचा. "बरी हाये, बरी हाये," म्हणायचा आणि पहाटे पोट धरून बसायचा. मग त्याच्या खाणीतल्या पाळ्या चुकायला लागल्या. कधी दोन दिवस घरी, कधी चार.

शेजारची काकू येऊन मायला सांगायची, "अवो, पोरीले घरी बसव. नवऱ्याचा जीव घेतं काय तिच्या शाळेपायी?" माय भांडी घासत राहायची. मी मात्र मनातल्या मनात तिला शिव्या द्यायची. आजही द्यावंसं वाटतं.

एका सांजेला बापानं ताट सरकवलं. रागानं नाही, हळूच. माझ्याकडे न पाहता मायला म्हणाला, "राहू दे आता शाळा. माह्याच्यानं होत नाई."

मी तिथंच रडायला लागले. परीक्षा महिन्यावर आली होती. मायनं माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "चार रोज थांबा. मी करते काही तरी."

दुसऱ्या दिवशी भट्टीवरून येताना तिच्या ओच्यात कळी होती. भट्टीत भाजून निघालेल्या चुन्याच्या दगडाला कळी म्हणतात. दिसायला पांढरा ढेकूळ, हाताला थंड. पण पाण्याचा शिपका मारा, की तो उलतो, फुलतो, फुसफुसतो आणि असा तापतो की हात ठेवून दाखवा. मायचा सारा जन्म या कळीत गेला होता. पेटीत जाळ नाही ना? मग जाळाशिवायची आग तिच्याजवळ होती. तिनं तेलाचा रिकामा डबा घेतला, त्यात कळी टाकली, पाणी शिंपडलं, डबा पेटीच्या तळाशी ठेवला आणि त्याच्या झाकणावर गंज. सांजेला उशी काढली तर झाकणाला हात लावता येत नव्हता. डाळ शिजली होती! विहिरीच्या पाण्यात! मायनं दाणा चिमटीत धरून मला दाखवला आणि हसली. माझी माय हसायची फार कमी, समोरचा एक दात पडलेला म्हणून तोंडावर पदर घ्यायची. त्या दिवशी पदर घ्यायचं विसरली.

बापाचं पोट सावरलं. तो पाळीवर जायला लागला, शाळेचा विषय पुन्हा निघाला नाही. मी रात्रंदिवस पुस्तकात डोकं घालून बसायची.

पण कुटार ओलं व्हायला लागलं. डब्यातून वाफ निघायची, ती कुटारात मुरायची, आणि पेटीला कुबट वास यायचा. वरणाला तो वास लागला तर बाप पुन्हा ताट सरकवेल, ही मायला धास्ती. म्हणून त्या दिवशी पहाटे तिनं डब्याचं झाकण घट्ट बसवलं. वरवंट्यानं चारी बाजूंनी ठोकलं. कळी नेहमीपेक्षा ताजी होती, आदल्याच दिवशी भट्टीतून निघालेली. मी दप्तर भरत होते. माय डबा पेटीत ठेवून गंज आणायला वळली आणि डब्यातून टक टक आवाज यायला लागला. ती परत वळली. घरात अंधुक होतं म्हणून वाकली, अगदी जवळ.

झाकण उडालं ते कौलाला जाऊन लागलं. आवाजानं मी खाली बसले. उठून पाहते तर माय पेटीजवळ पडलेली, तोंडावर पांढरा रबडा, आणि किंचाळत होती. तसं किंचाळणं मी कोणाचं ऐकलं नाही, बाळंतिणीचंही नाही.

मी डाळीची गुंडी उचलली. भरलेली होती. तिच्या तोंडावर ओतणार तोच ती ओरडली, "पानी नको! पानी नको वं!" तोवर शेजारच्या बाया धावत आल्या होत्या, सगळ्या भट्टीवरच्या. एकीनं माझ्या हातातून गुंडी हिसकली. "मारतं काय मायले? चुना हाये थो! पानी टाकशीन तं उकळन डोळ्यात!" आणि खरंच होतं ना ते! चुन्यावर पाणी टाकलं की काय होतं हे आमच्याइतकं कोणाला माहीत होतं? भट्टीवर कोणाला चुना लागला की जवसाचं तेल लावायचं, पाण्याचं नाव काढायचं नाही, हा तिथला कायदा. काकूनं पळत जाऊन तेल आणलं. तिघींनी मायचे हात धरले आणि पापण्या फाकवून डोळ्यांत तेल ओतलं. वरून लुगड्याच्या फडक्यानं घट्ट बांधलं. सगळं मायेनं केलं हो, रडत रडत केलं. गुंडी तिथंच बाजूला भरलेली राहिली.

वणीला नेलं ते त्याच चुन्याच्या ट्रकवर, ज्याच्यावर बसून मी शाळेत जायची. तिथून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात. बाप खाणीतून तसाच आला होता, काळा. डॉक्टरांनी पट्टी सोडली, बराच वेळ पाहिलं, मग विचारलं, "लगेच पाण्यानं का नाही धुतलं? भरपूर पाणी ओतायचं होतं. तांब्यावर तांबे."

बाप म्हणाला, "साहेब, चुना होता."

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले.

बापानं माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. माय खाटेवर होती, तिनंही ऐकलं. त्या एका शब्दाचा मला आजही संताप येतो, आणि तो कोणावर काढावा हे कळत नाही. डॉक्टर खोटं बोलले नव्हते, बाया खोट्या नव्हत्या, ब्लॉकची बाई खोटी नव्हती, माय तर नव्हतीच.

परीक्षा झाली तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होते. माय घरी आली तेव्हा तिचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याला फक्त उजेड-अंधार कळायचा. शाळेचं कोणी काढलं नाही. मीही नाही. गुरुजी एकदा आले, मायची विचारपूस केली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा न घेता गेले.

मी मनात एक हिशोब मांडून बसले होते, वेडी. माय आता घरीच राहणार. म्हणजे चूल ती पाहील, हळूहळू शिकेल. मग मला पेटीचीही गरज नाही, मी सरळ शाळेत जाऊ शकते. मायचे डोळे गेले त्यात हा विचार केला म्हणून मला कोणी काही म्हणू नये. अकरा-बारा वर्षांची पोरगी आणखी काय विचार करणार? तो विचार बरोबरही होता. फक्त एवढंच, की मायची मजुरी बंद झाली होती, विहिरीच्या पाण्याच्या वरणानं बापाच्या पाळ्या पुन्हा चुकायला लागल्या होत्या, आणि भट्टीचा मुकादम एका सकाळी अंगणात येऊन उभा राहिला. वाईट माणूस नव्हता तोही. म्हणाला, "हिची जागा खाली हाये. मी दुसरी बाई घेतली नाई अजून. पोरगी आता मोठी दिसते."

बाप बाजेवर होता. त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माय आतून म्हणाली, "तोंडाले फडकं बांधून पाठवा तिले. डोळ्यापर्यंत घट्ट."

भट्टीवरचं काम काय सांगायचं. टोपलीत कळी भरा, डोक्यावर घ्या, ढिगावर टाका. पाय भाजतात, ओठ फुटतात, घामावर चुना बसला की कातडी निघते. पहिल्याच दिवशी मी ज्या ट्रकवरून शाळेत जायची त्यातच माल भरला आणि तो वणीकडे निघून गेला. राजूरची दोन पोरं वर पोत्यांवर बसली होती, दप्तरं घेऊन. त्यांनी मला ओळखलं नाही, फडक्यामुळे.

तोवर नाल्याला पाणी आलं होतं. आणि ते पाणी आमच्या घरी कोण आणायचं माहीत आहे? बाप. सगळ्या बायांच्या देखत, डाळीची गुंडी खांद्यावर घेऊन. ज्यानं जन्मात चुलीकडे पाहिलं नव्हतं तो.

मी दिवे लागताना परत आले. अंगभर पांढरी, पायांत जीव नाही. दारात पोचायच्या आधीच मायनं पावलं ओळखली. आतून म्हणाली, "आली काय वं? पाय धू, जेवन तयार हाये."

मी पाय धुतले. ती पेटीशी बसली होती; डोळ्यांविना जाळ नको म्हणून वरण पुन्हा पेटीतच व्हायचं, कळीशिवाय. चाचपडत पाटा बाजूला केला, उशी काढली, ओलं फडकं सोडलं आणि पळी गंजाला लावून लावून तीन ताटं वाढली. एक थेंब सांडला नाही. बाप धुतलेला सदरा घालून बसला होता, पण त्यानं ताटाकडे पाहिलं नाही, सरळ भाकर कुस्करायला घेतली.

माय माझ्याकडे तोंड करून विचारत होती, "शिजली काय?"

"शिजली," मी म्हटलं.

खरंच शिजली होती. इतकी छान डाळ त्या पेटीत कधी शिजली नव्हती, एक दाणा कच्चा नव्हता, आणि वरण चांगलं कढत होतं. मला खूप भूक लागली होती. मी दोनदा मागून घेतलं.